कड्यापासून बावीस मिनिटं

खोली बघायला गेले तेव्हा मिसेस ब्रूमहेडनं
आधी माझेच हात बघितले,
बाजारात बैलाचे दात बघावेत तसे, उलटेपालटे करून.
म्हणाली, "चढणारी आहेस.
टॉवेल स्वतःचे आण.
रक्ताचे डाग माझ्याच्यानं निघत नाहीत."

त्याआधी तीन शनिवार हॅदरसेजभर हिंडले होते.
पबच्या माळ्यावर एक खोली होती,
खाली मध्यरात्रीपर्यंत डार्ट्स.
वसतिगृहात आठ जणांचं घोरणं,
आणि आठ जणांचे ओले मोजे एकाच हीटरवर.
एका बाईनं फोनवर सांगितलं, "कडा? अगदी जवळ."
ते जवळ मोटारवाल्यांचं होतं.
माझ्याकडे सॅक, साठ मीटर दोर,
आणि रविवारी दोन-दोन तासांनी येणारी बस.

शेफील्डच्या इस्पितळात मी आठवडाभर
लोकांच्या हाडांचे फोटो काढते.
मनगटं, घोटे, कधी माकडहाड.
विचारते, कशा पडलात?
बहुतेक जण म्हणतात, घरातच.
म्हणून शनिवारी मी घराबाहेर पडते.

तर ही खोली.
छत इतकं उतरतं की उशीपर्यंत रांगत जायचं.
खिडकी टीचभर,
पण तिच्यात स्टॅनेज मावतो,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आमच्या जुन्नरला याला कुणी कडा म्हटलं नसतं.
बांध म्हणाले असते.
दहा पुरुष उंची, ती पण कुठेकुठे.
मीही पहिल्यांदा हसले होते,
मग हात लावला आणि गप्प झाले.
नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारखा दगड,
पकडलं की बोटांची भरड.
आणि खरोखरच, पायथ्याच्या नेच्यांत जाती पडलीत,
छातीएवढी, घडवून तयार,
न्यायला कुणी आलंच नाही अशी.
कीथ, माझा दोर धरणारा, बार्न्झलीचा वायरमन,
त्यांच्यावर बसून सँडविच खातो.
मी उभी राहते.
जात्यावर बसू नये एवढं आठवतं,
का ते नाही.

भाडं रात्रीवर, अंडी दोन, गरम पाणी सातनंतर.
चाळीस वर्षं पायथ्याशी राहून
मिसेस ब्रूमहेड वर एकदाही गेली नव्हती.
"रोज दिसतो की," म्हणाली.
फक्त एक विचारलं,
वरून माझी कपड्यांची दोरी दिसते का गं?
दिसते, मी म्हटलं.
तोवर बघितली नव्हती.

मग ठरलंच आमचं.
पांढरी चादर वाळत असली म्हणजे कुणी जास्तीचं भाडेकरू आलंय,
तू आज सोफ्यावर.
पिवळा टेबलक्लॉथ म्हणजे स्टू आहे, वेळेत ये.

ऑक्टोबरात, उजेड आखडत आलेला,
एका तिरप्या भेगेत मी अडकले.
डावा पाय शिवणयंत्रासारखा थडथडायला लागला.
वर हाताला काही लागेना,
खालून कीथ काहीतरी ओरडत होता, वाऱ्यानं नेलं ते.
आणि मी करू नये ते केलं, वळून बघितलं.
गावाच्या वरच्या अंगाला,
हळदीच्या बोटाएवढं, पिवळं.
स्टू.

त्यानंतरचं नीट सांगता येत नाही.
दोर ताणला, मी भिंतीवर आपटले,
कीथ मला बाळंतिणीसारखा हळूहळू खाली घेत होता
आणि शिव्या देत होता.
टॉवेल आणायला मी विसरले होते.
ती काही बोलली नाही.
टेबलक्लॉथच फाडला.

सोमवारी माझ्याच यंत्राखाली मी माझं मनगट ठेवलं.
नवी मुलगी होती, शिकाऊ, अनीशा पटनी.
कॉलर नीट करून तिनं विचारलं,
कशा पडलात?
घरातच, मी म्हटलं.

शनिवारी तरी गेलेच, बसनं.
मिसेस ब्रूमहेडनं भाडं अर्धं लावलं
आणि एका हातानं बटाटे सोलायला बसवलं,
खिडकीकडे पाठ करून.