दोन ठिपके

तिसऱ्या मजल्यावरच्या ह्या खोलीतून समुद्र दिसत नाही.
दिसतात समोरच्या बँकेचे एसी,
आणि त्यांचं गळतं पाणी झेलणारी निळी बादली.
समुद्र आत आहे, पडद्यावर,
चपटा, बिनवासाचा.
त्यावर हिरवे ठिपके,
आणि बारा सागरी मैलांवर एक लाल रेघ,
कुणी धुण्याची दोरी बांधावी तशी.

रेघेच्या आत डोलवाले, बाहेर पर्ससीनवाले.
कुणी ओलांडली की टिंग वाजतं.
मी नोंदवते: नंबर, वेळ, अक्षांश, रेखांश, शेरा.
कंत्राटी पद, अकरा महिन्यांचं.
मुलाखतीत विचारलं होतं, समुद्राची काही माहिती?
म्हटलं, मढची आहे.
साहेब हसले. तेवढं पुरलं.

आमच्या बाला खुंटांची जागा कधी चुकली नाही.
चर्चचा क्रूस आणि मागची ताडांची जोडी
एका ओळीत आली
की डावीकडे मान वळवायची,
किल्ल्याचा बुरूज टेकडीच्या खांद्यावर बसला
की इंजिन बंद.
पुढे ताडांच्या आड बावीस मजले आले.
बा म्हणाला,
दर्या हाय तिथंच हाय, जमीनच हलली.

गेल्या वर्षी जयेंद्रदादाच्या होडीवर डबा बसवला,
पांढरा, पालथ्या वाटीसारखा.
नारळी पौर्णिमेला आईने त्यालाही हळदकुंकू लावलं.
खात्याचा माणूस आला, रुमालाने पुसत म्हणाला,
मावशी, ह्याला काही लावू नका, सिग्नल अडतो.
आई म्हणाली, देवाचा नाय अडत कधी.

डबा आभाळाला सांगतो दादा कुठे आहे.
जाळ्यात काय आलं, ते नाही सांगत.
डोलीत बोंबलांपेक्षा प्लास्टिक जास्त भरतं, ते नाही,
बर्फवाल्याचे चार महिने थकले, तेही नाही.

आज पहाटे, दोन चाळीस.
अठराव्या मैलावर दोन ठिपके.
एक दादाचा,
एक शेठच्या पर्ससीनचा, सत्तर फुटी,
पंचवीस खलाशांच्या बोटीचा.
दोघांचा वेग एकच.
एक वळला की दुसरा वळतो,
त्याच क्षणी, तेवढाच.
इतक्या जवळून दोन बोटी चालत नाहीत,
फळ्या फुटतील.
इतक्या जवळून चालतात फक्त
एकाच होडीत शेजारी ठेवलेले
दोन डबे.

टिंग वाजत नाही.
रेघ कुणीच ओलांडलेली नाही.
पडद्यावर सगळं कायद्यात आहे.
आणि रेघेच्या आत, बाच्या खुंटांवर,
काळोख. एकही ठिपका नाही.
तिथे आत्ता दिव्यांचा केवढा झगमगाट असेल,
किती मोठं जाळं वर येत असेल,
बोटाएवढ्या पिल्लांसकट,
हे आभाळाला दिसत नाही.
मला दिसतं.

काल आईचा फोन आला होता.
बर्फवाल्याचं फिटलं गो, सगळं.
कसं, ते मी विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही, जेवलीस का म्हणाली.

दादाचा मोबाईल लावला. क्षेत्राबाहेर.
चहा आणला, प्यायले नाही.
तीन वाजून दहा मिनिटांनी शेऱ्यात लिहिलं:
दोन ठिपके, होडी एक. तपासणी व्हावी.
शेठच्या बोटीचा नंबर पडद्यावरून उतरवला.
दुसरा बघावा लागला नाही.
होडीच्या नाळेवर तो मीच रंगवला होता,
बारावीच्या सुट्टीत, पांढऱ्या ऑइलपेंटने.
शेवटचा पाच जरा वाकडा आला होता.
पुसून पुन्हा काढते म्हटलं,
तर दादा म्हणाला, ऱ्हाऊ दे गो,
वरून कोण बघतंय.