विनंती थांबा

परतवाडा ते धारणी
एकतीस वर्षं यांनी तिकिटं फाडली
आणि मेळघाट पाहिला नाही.
विचारलं की म्हणायचे, पाहिला ना,
उभ्या माणसांच्या काखेखालून,
चिल्लर मोजता मोजता.

म्हणून जानेवारीत भाच्याची ओम्नी मागून आणली.
मागची सीट काढून ओसरीवर ठेवली,
तिच्या जागी गादी, स्टोव्ह, कळण्याचं पीठ, ठेचा,
आणि अमरावतीहून घेतलेला निळा तंबू.
पिशवीवर लिहिलं होतं: दोन माणसांसाठी.
"दोन कोन्ते मान्सं?"
शेजारची रुख्मा आम्हा दोघांकडे पाहून म्हणाली.

घटांगच्या घाटात यांना वळण न् वळण पाठ.
इथं बायका ओकायच्या.
इथं एका बाळंतिणीसाठी अर्धा तास गाडी उभी केली,
पोरगी झाली, तिचं तिकीट लागलं नाही.
मी विचारलं, हे झाड कोणतं?
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "या झाडापासून टप्पा बदलते."

सेमाडोहच्या अलीकडे नाका.
वनरक्षक तरुण, छातीवर पट्टी: सोमलाल कास्देकर.
काका, आत तंबू लावता येत नाही, वाघाचा इलाका हाय.
मग टॉर्च यांच्या तोंडावर धरून जरा थांबला.
"तुमी सकाळच्या गाडीचे कंडक्टर ना?
मी शाळेत जायचो. एक दिवस पैसे नव्हते.
हरिसालच्या अलीकडे उतरवून देल्लं होतं तुमी मले."

हे स्टिअरिंग धरून बसले.
मी पदरानं काच पुसली, काच स्वच्छच होती.
सोमलालनं फाटक उघडलं नाही,
पण क्वार्टरमागचं अंगण दाखवलं.
तंबूची एक काडी कमी निघाली,
त्यानं बांबू तासून दिला.
त्याच्या आईनं कुटकीचा भात आणून ठेवला,
तिला मराठी येत नव्हती, मला कोरकू,
दोघी भाताकडे पाहून हसलो.

रात्री थंडीनं माझे गुडघे बोलायला लागले.
सागाची वाळली पानं कोणीतरी तुडवत होतं,
किंवा वाराच असेल.
हे जागे आहेत हे मला श्वासावरून कळतं.
"चेहरा आठवत नाही गं त्याचा," म्हणाले.
आणि बऱ्याच वेळानं:
"अर्धं तिकीट. साडेतीन रुपये."

सकाळी तंबूभोवती खुरांचे ठसे,
सांबर, सोमलाल म्हणाला, तीन असतील.
आमच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेली.
आम्ही पाहिली नाहीत.
निघताना यांनी खिशात हात घातला,
नोट बाहेर आली, परत आत गेली.
मग स्टोव्हच देऊन टाकला.
मला न विचारता. भाच्याचा होता.

चिखलदऱ्याला पंचबोलवर
नागपूरची पोरं दरीला मैत्रिणींची नावं सांगत होती.
मी म्हटलं, तुम्ही पण काही ओरडा.
यांनी आधी कठड्याजवळची गर्दी पाहिली,
घसा साफ केला, आणि:
"पुढे सरकाऽ!"
पोरं खरंच सरकली.
दरी पाच वेळा म्हणाली, दर वेळी हळू,
शेवटचं तर हात जोडल्यासारखं.

मोथ्याच्या पुढे उतार लागला.
रस्त्याला कुणी नव्हतं,
दगड, घाणेरीची झुडपं,
खाली लांबवर कुणाची तरी बैलं.
मी पत्र्यावर मुठीनं ठोकलं.
एकदाच.

ब्रेक आधी लागला, मान नंतर वळली.
"इथं थांबा नाही," हे म्हणाले,
इंजिन बंद केलं,
आणि माझ्या आधी उतरले.