कसर

गोदीच्या रेकॉर्ड रूममध्ये, गळक्या पाइपाखाली,
सत्तेचाळीसला सामान हलवताना राहून गेलेली फाइल.
साहेब म्हणाले, "राऊळबाई, निकाली काढा."
निकाली काढायच्या आधी वाचायची
ही माझी जुनी खोड. नियमात बसत नाही.

कमोडोर लायनेल ट्रेव्हिथिक.
जन्मगाव कुठल्याशा खडकाळ किनाऱ्यावरचं,
नावात अक्षरं आहेत, उच्चार सापडत नाही.
तेराव्या वर्षी नौदलात.
आमच्याकडे त्या वयाच्या पोराला
फार तर मामाच्या दुकानात बसवतात.

बोटीवर एकूण सहा वर्षं, दोन महिने.
पुढची सव्वीस: टेबल.
माल्टा, टेबल. कोलंबो, टेबल.
मुंबई, टेबल, वर पंखा.
कुठल्या बोटीला कोळसा किती, पाणी किती,
कितव्या भरतीला कुणी बाहेर पडायचं
सगळं त्याच्या हातून.
समुद्र मात्र खिडकीतून, तोही अर्धा,
मधे क्रेन यायची.

वरिष्ठांचे शेरे:
"अत्यंत विश्वासू." "मसुदा निर्दोष."
"जहाज देण्यास योग्य. तूर्त सोडता येत नाही."
हा शेवटचा ओळीनं नऊ वर्षं,
शाई तेवढी बदललेली.
हा शेरा माझ्या ओळखीचा आहे.
ज्याच्यावाचून अडतं
त्याला खुर्चीवरून उठू देत नाहीत.

मग शेचाळीसचा फेब्रुवारी.
डाळीतल्या खड्यांवरून सुरू झालं,
खड्यांवर थांबलं नाही. झेंडे उतरले.
इथे तीन कागद एकाच टाचणीत, टाचणी गंजलेली.
पहिल्यावर, त्याच्या बारीक अक्षरात, "गोळीबार".
दुसऱ्यावर ते खोडून "बळाचा वापर".
तिसऱ्यावर "योग्य ती कारवाई",
आणि खाली सही.
सुबक सही. हात हलला नसावा.

माझा धाकटा काका तेव्हा कॅसल बॅरॅक्समध्ये स्टोकर होता.
नंतर गिरगावात छत्र्या दुरुस्त करायचा.
जिना चढताना डावा पाय आधी, मग दम, मग उजवा.
योग्य ती कारवाई
त्याच्या मांडीत होती, शेवटपर्यंत.
थंडीत दुखायची.

मला वाटलं, इथेच फाइल मिटावी.
पण एक अर्ज उरला होता, साध्या कागदावर:
मायदेशी जाताना मोठी आगबोट नको,
मालवाहू चालेल, हळू असली तरी,
हुद्दा लागू नसावा,
रात्रपाळीला डेकवर उभं राहू द्यावं.
नावाखाली पद लिहिलेलं नाही.

मंजूर की नामंजूर, ते पुढच्या पानावर असणार.
पुढचं पान कसरीनं खाल्लंय.
कोपरा आहे. त्यावर तारीख, तीही अर्धी.

फाइल झटकली.
रुपेरी किडे सुर्रकन शेजारच्या फाइलीत शिरले,
तिच्यावर कुणाचं नाव होतं, पाहिलं नाही.
चार वाजले. चहावाला पोरगा आला.
कप घेऊन खिडकीशी गेले.
क्रेन अजून तिथेच आहे.
थोडं वाकलं
तर दिसतं पाणी.