विष आणि करक

फुजैरात डोंगर घराच्या पाठीला टेकून बसतात
आणि रस्ता ओलांडला की समुद्र.
मधल्या पट्टीत, टायरच्या दुकानावर, आमचा ज्युदोचा हॉल.
एसी दोन, चालू एक.
मॅटवर चौदा मुली, आणि मी,
भुसावळची, जिला इथे सगळे ‘कप्तान’ म्हणतात.

अफ्रा दिब्बाच्या स्पर्धेत सात सेकंदांत पडली.
पडण्याचं काही नाही, आम्ही आधी पडायलाच शिकवतो.
पण तेव्हापासून ‘हाजिमे’ म्हटलं
की तिचे पाय मॅटला शिवून टाकल्यासारखे.
श्वास वर, गळ्यापाशी अडकलेला,
बोटं पट्ट्याच्या टोकाशी.
मी म्हणायची, हल. हल ना गं.
मराठीतून म्हणायची,
म्हणजे माझ्यातलंच कुणीतरी घाबरलेलं असायचं.

शंभर वेळा तोच डाव, मग पुन्हा शंभर.
मलाही असंच घोटवलं होतं,
चुकलं की पट्ट्याचा फटका पोटरीवर.
आणि एकोणिसाव्या वर्षी, पतियाळाच्या मोठ्या हॉलात,
मी अशीच उभी राहिले.
तिथे टाइम्प्लीज नव्हतं.
घरी सांगितलं, गुडघा गेला.
गुडघा ठणठणीत होता. अजून आहे.

एका मंगळवारी मी म्हटलं, आज डाव नको, खेळू.
विषामृत.
राज्य जिच्यावर, तिने शिवायचं : विष.
शिवलेली जागच्या जागी दगड.
दुसरीने येऊन शिवलं, अमृत, की सुटली.

विषाला घायाने लगेच शब्द दिला : सम्म.
अमृतावर मात्र भांडण.
मध, म्हणाली एक. एक म्हणाली, पाऊस.
शेवटी मारिसेलने, जिचे वडील बंदरावर क्रेन चालवतात,
निकाल लावला : करक.
संध्याकाळी पाचनंतर मेलेल्या माणसाला
त्या चहाखेरीज दुसरं काय उठवतं?

मग जी पळापळ!
दोन महिने घसा फोडून शिकवलेली बगल
मारिसेलने सम्म चुकवताना सहज दिली
आणि तिला कळलंही नाही.
कप्तान उबैद दारातून डोकावले : ‘बालवाडी?’
हो, म्हटलं, बूट काढून आत या.
आले नाहीत.

अफ्रा दगड झाली. या वेळी हक्काने.
इथे थिजणं नियमातच होतं,
हात पुढे करून थांबायचं, एवढंच.
सहाव्यांदा थिजली तेव्हा ओरडायला लागली,
करक! करक! अगं मी इकडे!
एवढा आवाज तिच्यात आहे
हे तिच्या आईलाही ठाऊक नसावं.

मग त्यांनी मला गाठलं.
सम्म, कप्तान!
कुणी सोडवायला येईना, मजा बघत हसत होत्या.
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं.
किती वेळ ते मी मोजलं नाही,
पतियाळात तरी कुणी मोजलं होतं?
घोट्याला काहीतरी लागलं.
अफ्रा, पोटावर सरपटत आलेली : करक.
तरी मला हलता येईना.
‘कप्तान, सुटलीस तू,’ ती ओरडली, ‘पळ की!’

नोव्हेंबरात पुन्हा दिब्बा.
हाजिमेआधी तिने उजवी टाच दोनदा उचलली,
शिवण उसवून बघावी तशी.
पंचाच्या कपाळाला आठी.
तीन मिनिटं बारा सेकंद टिकली, मग पडली.
छान पडली, हाताने मॅट थोपटून.
बाहेर येऊन रडली आणि सँडविच खाल्लं.

परतताना ड्रायव्हरने टपरीसमोर हॉर्न दिला.
खिडकीतून ट्रे आत. एक कप कमी.
अफ्राने आपला माझ्यापुढे धरला,
म्हणाली, अर्धा तुझा.
फार गरम होता.
तसाच प्यायले.