काही आढळले नाही

न्यूलिनच्या नौकाक्लबात फायली माझ्याकडे.
चौदा प्रशिक्षक, चौदा दाखले,
प्रत्येकावर तेच: काही आढळले नाही.
मी टाचणी मारते, तारीख घालते,
कपाटाची किल्ली चहाच्या डब्यात.

पेट्रॉकला समितीनं घेतलं नाही.
एकोणिसाव्या वर्षी चोरलेली मोटारसायकल
त्याच्या कागदावर अजून धावत होती.
तो धक्क्यावर जाळी दुरुस्त करतो.
परवा दारात आला, टोपी हातात,
"ती केरेन्सा. त्या माणसाची गाडी आली की
दोरखंडांच्या ढिगामागे जाते."

त्या माणसाचा कागद मीच लावलेला.
कोरा, कडक, इस्त्रीचा.

आढळले नाही म्हणजे
कुणी शोधलं नाही,
की कुणी सांगितलं, आणि माझ्यासारखीनं
कपाटाकडे बोट दाखवलं?

दाखले मी फाडणार नाही.
भोकं आहेत म्हणून चाळणी कुणी फेकत नाही.
पोलिसांना फोन केला, तो केलाच.
मग ढिगामागे जाऊन बसले, ओल्या दोरांवर,
तिच्यापासून हातभर लांब.
काही विचारलं नाही.

भरती पायरीपर्यंत आली तेव्हा
ती म्हणाली,
"आज कोण कोण येणार आहे?"