पांढरी पाच, किंचित चढी

पहिला शोरूममधला. पासष्ट हजार.
पुढे काच, काचेआड दोन व्हॉल्व्ह,
आणि त्यांच्या बुडाशी चक्क नारिंगी एलईडी,
जळतायत असं वाटावं म्हणून.
"वॉर्म साउंड, सर," विक्रेता म्हणाला.
"शेकोटी नकोय मला," म्हटलं.
कुंदानं कोपरानं ढोसलं.

रविवारी जुन्या बाजारात एक खोकं मिळालं,
बाणाचा शिक्का, खडकीच्या भंगारातलं.
कापसात चार व्हॉल्व्ह, बारा एएक्स सात, अंड्यांसारखे.
विकणारा बल्ब समजत होता. मीही समजू दिलं.
दीडशेला दिले, वर म्हणाला,
"पेटले नाहीत तर परत आणू नका."

रास्ता पेठेत रूबेन झिराडकर. शनिवारी बंद.
इतर दिवशीही बंदच वाटतं, दार लोटावं लागतं.
त्यानं एकेक व्हॉल्व्ह पेन्सिलीनं टिचकला.
तिसऱ्याला स्पीकरमधून टण्ण!
"हा फार बोलका. पुढे नका लावू,
शेजाऱ्यानं दार आपटलं तरी गाण्यात येईल."
चौदा हजार, आणि घाई करायची नाही.

मग वहीच्या मागच्या पानावर
एक सुलटा उतार काढला, एक उलटा:
तबकडी कोरताना खर्ज दाबून ठेवतात,
नाहीतर एक चर दुसऱ्यात घुसेल.
वरचे सूर फुगवतात, खरखरीच्या वर राहावेत म्हणून.
"लबाडी नाही हो, जागेची अडचण.
आपल्या पेटीनं काय करायचं?
जेवढं दाबलं तेवढंच परत वर आणायचं.
जास्त आणलं की ढोल."

पेटी आली. सारंगीला गज असतो
हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.
पण सगळ्याच्या खाली, पार तळाशी,
हम.
टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं
लोकांच्या लाइनींवरची खरखर काढली मी.
वायर बदलली, प्लग उलटा केला,
फ्रिज बंद करून दूध नासवलं.
"पांढरी पाच," कुंदा म्हणाली,
तव्यावरची पोळी उलटताना. "किंचित चढी."

मध्यमा झाली होती ती.
मग आमची बदली झाली उमरग्याला.
आमची, म्हणजे माझी.

त्या पावसाळ्यात एलपी संपली,
मी सुई उचलायला उठलो, की
मागे हम उरायचा, आणि ओट्यापासून
त्याला चिकटून कुणीतरी सा लावलेला असायचा.
मी वहीत लिहायचो:
हम. व्हॉल्यूम दहावर. स्पष्ट ऐकू येतो.

दिवाळीनंतर रूबेन स्कूटरवरून आला.
हीटरना डीसी दिला, कपलिंग कॅपॅसिटर बदलले,
साऱ्या अर्थ एका स्क्रूला आणून बांधल्या.
"बंद केल्यावरही लगेच आत हात घालू नका," म्हणाला,
"कॅपॅसिटर विसरत नाहीत."

सुई ठेवण्याआधी घर इतकं शांत
की वरच्या देवस्थळींचा पंखा ऐकू आला.
मग समेआधी गायिकेनं घेतलेला श्वास,
मागे पेटीच्या भात्याची कुरकुर.
मी कुंदाला हाक मारली.
पिठाच्या हातांनी ती दारात उभी राहिली,
अख्खी बाजू ऐकली.
"स्वच्छ आहे," म्हणाली, आणि आत गेली.

मग भांडी.
सोमवारी भांडी. मंगळवारी भांडी आणि कुकर.
बुधवारी मी उगाच विचारलं, बरं नाही का?
"मला काय धाड भरलीय?"

गुरुवारी ती सहकारनगरच्या भाजीबाजारात गेल्यावर
पेटी भिंतीपासून जरा ओढली,
तो एक स्क्रू, अर्धा आटा.
मग हात धुतले, पेपर उघडून बसलो.

संध्याकाळी एलपी संपली.
"अहो, तुमच्या रूबेननं फसवलंय तुम्हाला,"
आतून आवाज आला, "परत आलाय तो."
थोडं थांबून,
"आणि अजूनही चढाच आहे मेला."
"बोलावतो रविवारी त्याला," म्हटलं.
कुठला रविवार, ते सांगितलं नाही.