अठरा

परळच्या तळघरातली खोली, एसी कायम एकोणीसवर.
"जेल त्याहून गार," चेऊलकर म्हणतात.
मनगटापासून वर प्रोब सरकवते,
दाब न देता.

मध्यिका नस. पोळ्याच्या तुकड्यासारखी दिसायला हवी,
बारीक घराघरांची.
इथे घरंच बुजलेली. काळपट, फुगलेली,
तेल प्यालेल्या वातीसारखी.
आठ-नऊ असतं साधारण. हे अठरा.

किल्ला कोर्टाबाहेर एकतीस वर्षं टायपिंग.
आता तिसऱ्या कार्बनवर काही उमटत नाही म्हणाले.
"वायर जळली का, मॅडम?"
जळली नाही. वरचं वेष्टण सुजलंय.
तळहात वाळतोय आणि आत नस जाड होतेय,
हे नाही सांगितलं.
शर्टाची बटणं बायकोने लावली.

मग सलाइनवरून महागडं औषध, महिन्या-महिन्याने;
पाटल्या गेल्या असाव्यात, हात मोकळे दिसले तिचे.
सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं.
सतरा.
पुन्हा मोजलं. सतराच.

मी आकड्यापाशी अडकलेली,
आणि ते पलीकडे उभे, जेल पुसून,
गळ्याजवळच्या बटणाशी झटत.
दोनदा निसटलं.
ती दारात, हात पदरात धरून,
पुढे न होता.